उजनीचा मृतसाठा आणि घरची बॅटरी

शुक्रवारी रात्री साडेनऊला अप्पांचा फोन आला की समजायचं, एकतर कुणाचं तरी लग्न ठरलंय नाहीतर गावातला डीपी जळालाय. या वेळी दोन्ही नव्हतं. "व्हॉट्सॲपवर दोन कागद टाकलेत. बघ आणि उद्या सांग," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

कागद म्हणजे दोन कोटेशनं होती. घरावर ३ किलोवॉटची सोलर पॅनेलं बसवायची हे आधीच ठरलं होतं. प्रश्न बॅटरीचा होता. पहिल्या कोटेशनात लेड-ॲसिड ट्यूब्युलर बॅटऱ्या होत्या: १२ व्होल्ट, १५० ॲम्पिअर-अवरच्या चार, म्हणजे एकूण ७.२ युनिट. दुसऱ्यात लिथियमची एकच पेटी: ५१.२ व्होल्ट, १०० ॲम्पिअर-अवर, म्हणजे ५.१२ युनिट. आणि लिथियमची किंमत दीडपटीहून जास्त! साठा कमी आणि पैसे जास्त. कुणीही सरळ हिशोबाने पहिला कागद उचलेल. अप्पाही तोच उचलणार होते, फक्त पोरगा इंजिनिअर आहे म्हणून एकदा विचारून घेतलं.

(मंडळी, इथे कबूल करतो. मी सॉफ्टवेअरवाला. बॅटरी म्हटलं की माझा संबंध फक्त लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या टक्क्यांशी. त्यामुळे शनिवार-रविवार वाचण्यात गेला, आणि वाचता वाचता मी बॅटरीवरून भलतीकडेच पोचलो. म्हणजे घरीच पोचलो.)

आमचं घर इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्यापासून दोनेक कोसांवर. शहरातले लोक ज्याला बॅकवॉटर म्हणतात तो आमचा फुगवटा. फ्लेमिंगो बघायला येतात ना तुम्ही, तोच. आमच्याकडे उन्हाळ्यात माणसं भेटली की पहिला प्रश्न "उजनी किती टक्के?" आणि त्याचं उत्तर कधी कधी शून्याच्या खाली असतं. पुण्यात रूममेटला मी पहिल्यांदा सांगितलं की आमचं धरण उणे ४० टक्के आहे, तेव्हा तो म्हणाला, "तुमच्याकडे टक्केवारी वेगळी शिकवतात का रे?"

भानगड अशी आहे. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. त्याचा एकूण साठा साधारण ११७ टीएमसी. पण त्यातला ६३ टीएमसीच्या वरचा भाग मृतसाठा. म्हणजे पाणी दिसतं, आहे, पण कालव्याच्या तोंडाच्या खाली आहे. कालव्याने सोडता येतं ते साधारण ५३ टीएमसी. टक्केवारी या उपयुक्त साठ्याची सांगतात, आणि पाणी त्याच्याही खाली गेलं की आकडा उणे होतो. २०२४ च्या उन्हाळ्यात तो उणे ५० च्याही खाली गेला होता. पाणी असं उतरलं की पळसदेवजवळ पाण्यात गेलेलं पळसनाथाचं जुनं देऊळ वर येतं, लोक होड्या करून बघायला जातात.

म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्यात मोठ्या धरणांपैकी एक, आणि त्यातला अर्ध्याहून जास्त साठा नेहमीच्या वापराचा नाही. आता हेच डोळ्यांसमोर ठेवून बॅटरीकडे बघा.

आमच्या घरी पहिला इन्व्हर्टर आला २००९ साली. भारनियमनाचे दिवस होते ते. २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण झालं, पण वीज काही त्यामुळे वाढली नाही, आणि ग्रामीण भागात बारा-बारा तास लाईट नसायची. अप्पांनी १५० ॲम्पिअर-अवरची एक बॅटरी घेतली. घरात काय आनंद! पंखा, टीव्ही, आईच्या मालिका, आमची क्रिकेटची मॅच. इन्व्हर्टर टूं टूं करायला लागला तरी आम्ही बंद करत नव्हतो, तो आपोआप पडेपर्यंत पुरेपूर वसूल करायचो. अडीच वर्षांत ती बॅटरी बसली. पंखा अर्धा तास फिरायचा आणि संपलं. शेवटी भंगारात गेली. ज्याने विकली त्याला शिव्या घालून झाल्या, पण खरं सांगायचं तर चूक आमची होती. तिचा मृतसाठा आम्ही रोज उपसत होतो, आणि असा काही साठा तिला असतो हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

लेड-ॲसिड बॅटरी ही फार जुनी बाई आहे. गास्तों प्लांते नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिशाचे दोन पत्रे गंधकाम्लात बुडवून पुन्हा चार्ज होणारी पहिली बॅटरी केली. १८८१ मध्ये कामिय फोरने शिशाच्या संयुगांचा लेप देऊन प्लेटा बनवल्या आणि ती कारखान्यात करण्याजोगी झाली. आजही ट्रॅक्टरमध्ये आणि इन्व्हर्टरखाली जी ठोकळा बॅटरी असते तिचं रसायन तेच. वीज काढली की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट साठतं, चार्ज केली की ते परत विरघळतं. पण बॅटरी खोलवर उपसली आणि तशीच पडू दिली तर त्या सल्फेटचे कडक खडे होतात आणि ते पुन्हा विरघळत नाहीत. धरणात गाळ बसावा तसं. म्हणून जाणकार सांगतात की ही बॅटरी रोज वापरायची तर निम्म्याच्या खाली नेऊ नका. निम्मा साठा मृत!

शिवाय आणखी दोन वजावटी. १८९७ मध्ये प्यूकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की लेड-ॲसिड बॅटरीतून वीज जितक्या जोरात काढाल तितकी ती एकूण कमी मिळते. बॅटरीवर १५० लिहिलेलं असतं ते दहा किंवा वीस तासांत सावकाश काढली तर. आणि दुसरी वजावट उन्हाची. ढोबळ नियम असा की २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना हिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. इंदापूरचा मे महिना आणि जिन्याखालची कोंदट जागा... पुढचं सांगायला नको.

कागदावरचा आकडा आणि हातात येणारा आकडा यांतला फरक इंदापूरला पहिल्यांदा धरणाने शिकवला असं मात्र नाही. धरणाच्या दीडशे वर्षं आधी तो एका इंग्रज अधिकाऱ्याने शिकवला होता. हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं, आणि शाळा याच तालुक्यात झाली माझी!

पेशवाई १८१८ मध्ये गेली. मग जमिनीचा सारा किती घ्यायचा हे ठरवण्यासाठी पुण्याचा असिस्टंट कलेक्टर प्रिंगल याने १८२८ च्या सुमारास मोजणी सुरू केली, आणि १८३० मध्ये तिचे दर इंदापूर तालुक्याला लागू झाले. पद्धत ऐकायला एकदम शास्त्रशुद्ध. जमिनीचे प्रकार पाडायचे, प्रत्येकाचं एकूण उत्पन्न काढायचं, त्यातून लागवडीचा खर्च वजा करायचा, आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारचे. एक्सेलमध्ये घातलं तर कुणीही मान डोलवेल. घोळ आकड्यांत होता. उत्पन्नाचे अंदाज फुगलेले, मोजणीत लबाड्या झालेल्या, त्यात पाऊस दगा देणारा आणि धान्याचे भाव पडलेले. सारा भरणं अशक्य झालं आणि शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. शेवटी १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी याच इंदापुरात नव्याने मोजणी सुरू केली. त्यांनी ते सैद्धांतिक गणित बाजूला ठेवलं, प्रत्यक्ष काय झेपतं ते बघून दर उतरवले आणि तीस वर्षांसाठी कायम केले. टाकलेल्या जमिनी परत नांगराखाली आल्या. पुढे मुंबई इलाखाभर जी मोजणीची पद्धत पसरली तिचं मूळ हे, आमच्या तालुक्यातलं.

गंमत म्हणजे तीस वर्षांनी धडा पुन्हा विसरला गेला. १८६७ मध्ये इंदापूरचा सारा वाढवला तेव्हा डोळ्यांसमोर अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे आणि सगळ्याचेच भाव चढलेले दिवस होते. भाव उतरले, सारा उतरला नाही, आणि लोक सावकाराकडे गेले. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला, हिशोबाच्या वह्या आणि कर्जरोखे ताब्यात घेतले. तो दख्खनच्या दंग्यांचा पहिला दिवस. हे सुपे आज बारामती तालुक्यात आहे. दंग्यांची कारणं अनेक होती, पण चांगल्या वर्षाच्या आकड्यावर ठरवलेली देणी वाईट वर्षात भरावी लागणं हे त्यातलं एक. हे वाचल्यावर मी दोन्ही कोटेशनांतला ईएमआयचा तक्ता पुन्हा उघडून बघितला. हप्ता किती "वाचलेल्या बिलातून निघेल" असं लिहिलं होतं, आणि त्यामागचं बिल एप्रिलमधल्या उन्हाचं होतं. ऑगस्टमधल्या ढगांचं नव्हतं.

आता लिथियम. सोनीने १९९१ मध्ये पहिली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली ती कॅमेऱ्यासाठी. तिच्यात कोबाल्ट होतं, महाग होतं आणि तापली तर भडकायची भीती. १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून एक शोधनिबंध आला. त्यावर पहिलं नाव अक्षय पाढी या भारतीय संशोधकाचं. कोबाल्टऐवजी लोखंड आणि फॉस्फेट वापरून त्यांनी नवं रसायन मांडलं: लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे आज बाजारात ज्याला एलएफपी म्हणतात ते. वजनाच्या मानाने साठा थोडा कमी, पण तापायला बरीच शांत आणि आयुष्य लांब. घराच्या भिंतीवर टांगायच्या वस्तूला वजनाची फिकीर कशाला? गुडइनफ यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं, ९७ व्या वर्षी. आणि किमती उतरल्या त्या मोटारींमुळे. ब्लूमबर्गएनईएफच्या पाहणीनुसार २०१० मध्ये लिथियम बॅटरीचा दर एका युनिटच्या साठ्याला हजार डॉलरच्या वर होता, तो २०२४ मध्ये सरासरी ११५ डॉलरवर आला. ही लाट आपल्याकडेही पोचली आहेच. बारामतीच्या एमआयडीसीतल्या पियाजिओने २०१९ मध्ये लिथियमवर चालणारी आपे रिक्षा आणली.

एलएफपीचा मृतसाठा दहा-वीस टक्केच धरतात. तोही आत बसवलेलं सर्किट सांभाळतं. उपसायची मुभाच देत नाही. टूं टूं करत वसूल करणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी हे उत्तम :)

तर मग हिशोब. दर रुपयाला किती साठा हे न बघता दर रुपयाला किती उपयुक्त साठा हे बघितलं. लेड-ॲसिड ७.२, त्यातले निम्मे ३.६, इन्व्हर्टरमधली दहा टक्के तूट वजा जाता ३.२ युनिट. लिथियम ५.१२, त्यातले नव्वद टक्के ४.६, तूट वजा जाता ४.१. म्हणजे लहान आकड्याची पेटी मोठी निघाली! आयुष्य बघायचं तर लेड-ॲसिड निम्म्यापर्यंत उपसून साधारण हजार-दीड हजार वेळा, एलएफपी तीन हजारांच्या वर.

पण किती साठा चांगला, हा प्रश्न उरतोच. इथे मला आईच्या माहेरची आठवण आली. आजोळ बारामती तालुक्यात, नीरा डाव्या कालव्यावर. १८७६ ते ७८ च्या दुष्काळाने ही सगळी पट्टी होरपळली, आणि १८८५ मध्ये हा कालवा झाला, भाटघरच्या धरणातून पाणी घेऊन थेट इंदापूरपर्यंत. त्यानंतर सगळ्यांना ऊसच लावायचा मोह. वरच्यांनी भरपूर घेतलं की टेलच्या गावाला कोरडी चारी. पुण्यात कार्यकारी अभियंता असताना विश्वेश्वरय्यांनी यावर ब्लॉक पद्धत मांडली. गावोगावी कालव्याखालचं क्षेत्र ठरवून द्यायचं, जास्त पाण्याचं पीक त्यातल्या एका भागापुरतंच ठेवायचं आणि बाकी पाणी फिरवून अनेकांना द्यायचं. धरण पुढे मोठंही केलं, १९२८ मध्ये जवळच नवं लॉइड धरण बांधून. पण नुसतं धरण मोठं करून टेलचं भांडण मिटत नाही हे आजोळी आजही कुणीही सांगेल. आधी वाटप, मग साठा.

मग मीही आधी वाटपाची यादी केली. घरात रात्री काय चालू राहिलंच पाहिजे? यादीत सगळ्यात वर आईचं सीपॅप मशीन. गेल्या वर्षीपासून तिला झोपताना ते लावावं लागतं, नाहीतर झोपेत श्वास अडतो. मे महिन्यात वळवाच्या पावसात तारा तुटल्या आणि रात्री अकरापासून पहाटे पाचपर्यंत लाईट नव्हती. अप्पा रात्रभर तिच्या उशाशी बसून होते, दर थोड्या वेळाने तिला कुशीवर वळवत. बॅटरीचं सगळं प्रकरण त्या रात्रीनंतर सुरू झालं, हे मला फोनवर आईने सांगितलं. अप्पांनी नाही.

मशीन ५० वॉटचं, आठ तास: ०.४ युनिट. दोन पंखे दहा तास: १.५. फ्रिज रात्रभरात ०.६. दिवे, वायफाय, मोबाईल मिळून ०.३. एकूण २.८ युनिट. मोटर, गीझर आणि मिक्सर यादीबाहेर. त्यांच्यासाठी वेगळी वायरिंग, बॅटरीशी संबंधच नाही. आता पुन्हा आकडे बघा. नवी लेड-ॲसिड ३.२ देते, पण जुनी होऊन ८० टक्क्यांवर आली की २.६. म्हणजे आईचं मशीन पहाटे बंद. लिथियम ८० टक्क्यांवर आली तरी ३.३ देते.

मग दुप्पट मोठी लिथियमच का घेऊ नये? कारण ती भरायची कशाने? ३ किलोवॉटची पॅनेलं लख्ख उन्हात दिवसाला बाराएक युनिट देतात, पण दाट ढगांच्या दिवशी त्याचा तिसरा हिस्सा आला तरी पुष्कळ. लाईट गेलेली आणि वर ढग अशा दिवशी मोठी बॅटरी रिकामीच राहणार. पाऊस झालाच नाही तर मोठ्या धरणाचं काय करायचं?

आणि एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारायलाच हवा: बॅटरी हवीच का? महाराष्ट्रात २०१५ पासून नेट मीटरिंग आहे. दुपारची जादा वीज महावितरणला द्यायची, रात्री परत घ्यायची, मीटर वजाबाकी करतो. म्हणजे ग्रिड हीच तुमची बॅटरी. ही कल्पनाही आपल्या जिल्ह्याला नवी नाही. टाटांनी चार महिन्यांचा पाऊस लोणावळा, वळवण आणि शिरवट्याच्या तलावांत साठवून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना बारमाही वीज दिली. उजनीच्या पायथ्याशीही १२ मेगावॉटचा असा संच आहे की तो उलटा फिरवून पाणी परत वर चढवता यावं. पाण्याचीच बॅटरी ती. फक्त तुमच्या घरापुरती अडचण एवढीच की साधा ऑनग्रिड इन्व्हर्टर लाईट गेली की सुरक्षेसाठी स्वतःही बंद होतो. खांबावर चढलेल्या वायरमनला खालून शॉक बसू नये म्हणून. बाहेर रणरणतं ऊन आणि घरात अंधार! हे विकणारे सहसा आधी सांगत नाहीत. पुण्यात माझ्या सोसायटीत महिन्यातून वीस मिनिटं लाईट जाते, तिथे मी बॅटरी घेणार नाही. घ्यायचीच झाली तर साधी लेड-ॲसिड पुरे, कारण ती क्वचितच उपसली जाईल. सरकारचं २०२४ चं सूर्यघर योजनेचं अनुदान, ३ किलोवॉटला ७८,००० रुपये, तेही पॅनेलच्या क्षमतेवर ठरतं. बॅटरी स्वतःच्या खिशातूनच.

म्हणून तुम्हीही कोटेशन मागवलंत तर एकूण आकडा वाचून थांबू नका. उपयुक्त साठा किती, किती वेळा भरून-उपसून, किती तापमानाला, आणि वॉरंटी संपताना किती उरेल, हे चार आकडे लेखी मागा. तोंडी नको. प्रिंगलकडेही तोंडी भरपूर होतं.

रविवारी संध्याकाळी अप्पांना फोन लावला. सल्फेट, प्यूकर्ट, नोबेल असं सगळं सुरू केलं तर त्यांनी मध्येच थांबवलं.

"एवढं काय सांगतोस? मृतसाठा किती आणि उपयुक्त किती, ते सांग."

"अप्पा, पहिल्यात निम्मा मृत. दुसऱ्यात दहा टक्के."

थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग पहिली म्हणजे उजनीच की. तुझ्या आईचं मशीन उजनीवर नको."

दुसरा कागद पक्का झाला. वायरमनला आधी बोलावलंय, आईची खोली आणि फ्रिज यांची लाईन वेगळी काढायला. अप्पांच्या भाषेत, आधी चाऱ्या पाडून घ्यायच्या. आईने व्हॉट्सॲपवर कोटेशनचा फोटो पाठवला, त्यावर अप्पांनी ५.१२ खोडून पेनने ४.१ लिहिलंय. खाली सही.